पुन्हा पुन्हा बिघडणारे कान: चिपळूणच्या दवाखान्यातल्या नोंदी, २०२४

१२ मे

आजपासून वेगळी वही. ज्या कुत्र्यांचे कान वर्षभरात दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा बिघडले, त्यांचे केसपेपर बाजूला काढले. वाचत गेलं की एकच क्रम दिसतो. कान झाडतो, वास येतो, थेंब दिले, बरा झाला, परत आला. थेंबांचं नाव बदलतं, बाकी काही बदलत नाही. मालक म्हणतात, "मॅडम, औषध लागूच पडत नाही." खरं तर प्रत्येक वेळी ते लागू पडलेलं असतं. बरा झालेला कान पुन्हा का बिघडला, हा प्रश्न मागे राहून गेलेला असतो.

यीस्ट, म्हणजे एक बुरशी, आणि जिवाणू निरोगी कानातही थोडे असतातच. नळीची कातडी सुजली, मळ वाढला, ओल धरली की ते माजतात. थेंबांनी त्यांना मारता येतं, पण कातडी कशाने सुजली ते थेंब सांगत नाहीत. या पावसाळ्यात मला प्रत्येक कुत्र्यामागचं ते कारण शोधायचं आहे.

पद्धत ठरवून टाकली. प्रत्येक कानातला मळ काचेच्या स्लाइडवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, प्रत्येक खेपेला. ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या यंत्राने, पडदा बघायचा, आणि दिसला नाही तर "दिसला नाही" असंच लिहायचं. थेंब बंद करायचे ते स्लाइड स्वच्छ आल्यावर, नुसता वास गेला म्हणून नाही. आणि कानासाठी आलेल्या कुत्र्याचे पंजे, काखा, पोट आणि शेपटीखालचा भाग बघितल्याशिवाय त्याला टेबलावरून खाली उतरवायचं नाही.

१९ मे

सिंबा. लॅब्राडोर, चार वर्षांचा. दोन्ही कान. कानाच्या पाळीच्या आतली कातडी लाल, जाडसर, हाताला गरम लागते. तपकिरी मेणचट मळ आणि आंबूस वास. स्वॅब स्लाइडवर फिरवून रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर टरफलातल्या शेंगदाण्यासारख्या आकाराच्या जांभळ्या पेशींचा नुसता खच. मॅलासेझिया यीस्ट. जिवाणू जवळजवळ नाहीत. पडदा दोन्हीकडे दिसला, शाबूत आहे.

पंजे उलटे करून बघितले. बोटांमधले केस लाळेने तांबूस झालेले. त्याला घेऊन आलेल्या घरच्या काकूंना विचारलं, "हा पाय चाटतो का?" "चाटतो की. पण सगळीच कुत्री चाटतात ना?" सगळी चाटत नाहीत, निदान केसांचा रंग बदलेपर्यंत तर नाहीच.

काकूंचा समज असा की लॅबचे कान लोंबते, कोकणात दमट हवा, तेव्हा हे व्हायचंच. मी केसपेपरांवरच्या तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या. जुलै आहे, पण डिसेंबर आहे आणि मार्चही आहे. पहिली तक्रार तो सात महिन्यांचा असतानाची. लोंबता कान आणि ओलसर हवा त्रास वाढवतात, यात शंका नाही. पण याच गावात, याच हवेत असे कितीतरी लॅब्राडोर आहेत ज्यांचे कान जन्मात बिघडलेले नाहीत. वर्षाच्या आत सुरुवात, बारमाही त्रास, कानांबरोबर पंजे: अशा वेळी ॲलर्जी आणि त्यातही खाण्याची ॲलर्जी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आज कान धुतले. बुरशीचं औषध आणि स्टिरॉइड असलेले थेंब सुरू. बाजारातले बहुतेक थेंब तीन औषधांचं मिश्रण असतात, त्यात अँटिबायोटिक असतंच. स्लाइडवर नुसती यीस्ट असताना ते देणं मला पटत नाही. आज गरज नसताना वापरलेलं औषध, खरी गरज पडेल तेव्हा निकामी झालेलं असू शकतं.

२६ मे

सिंबाच्या कानात सुधारणा कमी. काकूंना घरी करतात तसं समोर करून दाखवायला सांगितलं. कापसाच्या काडीला औषध लावून जेवढं दिसतं तेवढं पुसतात, मग दोन थेंब. एवढ्या मोठ्या कुत्र्याला दोन थेंब म्हणजे औषध वरच्या वर सुकून जाणार. कुत्र्याची कानाची नळी आधी सरळ खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि त्या आडव्या भागाच्या शेवटी पडदा असतो. काडी वळणापर्यंतच जाते आणि मळ पुढे ढकलून ठासते.

म्हणून आज सगळं हाताला हात लावून शिकवलं. पाळी वर, किंचित बाहेर ओढून धरायची. धुण्याचं द्रावण नळी भरेपर्यंत ओतायचं, कंजूसपणा करायचा नाही. कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, दोन बोटांनी अर्धा मिनिट चोळायचं. आत पचपच आवाज आला पाहिजे. मग हात सोडून बाजूला व्हायचं आणि त्याला मनसोक्त कान झाडू द्यायचे. वर आलेला मळ बोटाभोवती गुंडाळलेल्या कापसाने टिपायचा, बोट जाईल तेवढंच. दहा-पंधरा मिनिटांनी औषध. त्यासाठी सुई काढलेली एक मिलीची सिरिंज दिली आणि अर्ध्या मिलीच्या रेषेवर पेनाने खूण केली. थेंब मोजायचेच नाहीत.

काकूंनी तिथल्या तिथे दुसरा कान धुऊन दाखवला. सिंबाने माझा ॲप्रन रंगवला, पण कान वळणापर्यंत साफ झाला होता.

१ जून

सिंबाच्या डाएट ट्रायलची आखणी: काही आठवडे फक्त नवं खाणं देऊन त्रास थांबतो का हे बघायचं. कोकणात बसून हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. सिंबाने आजवर काय काय खाल्लं आहे, याची यादी काकूंकडून लिहून घेतली: चिकन-भात, दूध, दही, अंडं, पोळी, बिस्किट, बांगडा, सोड्याच्या भातातला भात. कुत्र्यांमध्ये ॲलर्जीचे नेहमीचे मानकरी म्हणजे बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन आणि गहू. ट्रायलसाठी प्रथिन असं हवं, जे त्याच्या पोटात कधी गेलेलंच नाही. मासे इथल्या कुत्र्यांना नवे नसतात, आणि तसंही आजपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. मटण मात्र त्याला कधीच दिलेलं नाही, महाग म्हणून. तेव्हा उकडलेलं बोकडाचं मटण आणि उकडलेला बटाटा. मीठ, मसाला, हाडं काही नाही. मोठ्या, धडधाकट कुत्र्याला काही आठवडे हे चालतं. पिल्लाला मी असं अपुरं खाणं कधीच देणार नाही. ज्यांना स्वयंपाक जमत नाही, त्यांच्यासाठी हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या प्रथिनांचं तयार खाणं मिळतं. ते किमतीला जड आहे, पण चोख काम करतं.

कालावधी आठ आठवडे. त्याहून कमी केलं तर "फरक पडला नाही" म्हणायला आधार उरत नाही. उद्या सुरू केलं तर २८ जुलैला पूर्ण होईल, म्हणजे श्रावणाच्या आत. हे मुद्दाम जुळवून घेतलं, कारण त्या घरात श्रावणात मटण शिजत नाही. गोचिडांची चवीची गोळीही बंद, कारण त्या चवीत मांसाचा अंश असतो. त्याऐवजी मानेवर सोडायचं औषध.

९ जून

पाऊस नीट लागला. दवाखान्यात ओल्या कुत्र्यांचा वास.

एका पिल्लाचे दोन्ही कान काळपट, कोरड्या भुग्याने भरलेले. ओटोस्कोपच्या उजेडात पांढरे ठिपके हलताना दिसले. कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे. घरात मांजर आहे का विचारलं तर दोन आहेत, आणि दोघीही कान खाजवतात. तिन्ही जनावरांना एकाच दिवशी औषध. फक्त पिल्लाला दिलं असतं तर माइट्स मांजरीकडून परत त्याच्याकडे आले असते. ही केस वारंवारची होण्याआधीच संपावी.

१६ जून

कोको. कॉकर स्पॅनियल मादी, नऊ वर्षांची. निवृत्तीनंतर मुंबईहून गावी आलेल्या आजी-आजोबांची. तिला टेबलावर ठेवलं आणि कानाकडे हात नेला, तशी ती किंचाळली. एवढी सोशिक कुत्री किंचाळते, म्हणजे आत काय चाललं असेल.

डाव्या कानाची नळी बाहेरून चाचपली तर दगडासारखी कडक. वर्षानुवर्षांच्या सुजेने नळीची कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, कडक होत गेलेली. उजवी अजून दबते. दोन्ही नळ्यांची तोंडं इतकी बुजलेली की ओटोस्कोप शिरत नाही. हिरवट पिवळा पू, खाली कातडीवर जखमा. स्लाइडवर काठीच्या आकाराचे जिवाणू आणि पूपेशींची गर्दी. स्यूडोमोनास जिवाणूचा संशय, म्हणून कल्चर पाठवला, म्हणजे नेमका जिवाणू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते कळेल.

पडदा दिसत नाही. त्यामुळे जेंटामायसिन या अँटिबायोटिकचे थेंब नाहीत. पडदा फाटलेला असेल तर ते आतल्या कानाला इजा करतं, ऐकू येणं जातं, तोलही जातो. पोटातून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, म्हणजे सूज उतरून नळी उघडेल, आणि ट्रिस-ईडीटीएने धुणं. हे द्रावण जिवाणूंच्या बाहेरच्या भिंतीतला कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं. भिंत कमजोर झाली की मागून जाणारं अँटिबायोटिक आत शिरतं. शिवाय दुखणं कमी करणारं औषध. आधी तिचं दुखणं थांबलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

आजोबांनी विचारलं, "आम्ही उशीर केला का?" मी त्यांना म्हणाले, तुम्ही तिला दर वेळी दवाखान्यात नेलंय, सगळे पेपर जपून ठेवलेत. ते पेपरच आता तिच्या कामाला येणार आहेत.

२३ जून

आज दोन कानांत लसूण घालून कढवलेलं खोबरेल तेल. एका कानात हळदीची पूड. वाडीतल्या एका आजींना मी समजावून सांगितलं, कारण त्यांची माया खरी आहे. मॅलासेझिया स्निग्ध पदार्थांवर पोसते, त्यामुळे तेलाने बाहेरची खपली मऊ झाली तरी आत यीस्टला चारा मिळतो. पूड मळात कालवून घट्ट गोळा होते आणि ती काढायला भूल द्यावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट तर सुजलेल्या कातडीला भाजतात, आणि एकदा असं भाजलेलं कुत्रं पुन्हा कानाला हात लावू देत नाही.

सिंबाची स्लाइड दोन्हीकडे स्वच्छ. थेंब बंद. आता खरी परीक्षा: नुसत्या खाण्यावर कान टिकतात का.

३० जून

पाहुण्यांच्या मुलाने सिंबाला बिस्किट दिलं. काकूंनी रडवेल्या आवाजात फोन केला. बिस्किटात दूध आणि गहू. पंजे थोडे लाल झाले, कान ठीक. ट्रायल पुढे चालू ठेवली, फक्त दाराला चिठ्ठी लावायला सांगितली.

७ जुलै

कोकोचा कल्चर: स्यूडोमोनास एरुजिनोसा. मार्बोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक अजून लागू पडतंय, हे मोठं भाग्य. ट्रिस-ईडीटीएने धुतल्यावर तेच कानात. उजवी नळी उघडली. आज पहिल्यांदा उजवा पडदा दिसला, धूसर पण अखंड. डावीकडे काहीच फरक नाही. पण ती आज किंचाळली नाही, आजींच्या मांडीवर हनुवटी टेकून बसली.

एका गोल्डन रिट्रीव्हरच्या कानाच्या पाळीत रक्त साठून ती तट्ट फुगलेली. कान झाडून झाडून आतली रक्तवाहिनी फुटते, मग असं होतं. रक्त काढलं, पण खाजेचं बघितलं नाही तर पुन्हा भरेल. त्याची वेगळी चौकशी सुरू. नाव ब्रूनो. डाएट ट्रायल त्यालाही, तयार खाण्यावर.

२८ जुलै

सिंबाचे आठ आठवडे पूर्ण. थेंबांशिवाय महिनाभर कान कोरडे, गुलाबी, बिनवासाचे. पंजांवर मुळाशी नवे पिवळे केस उगवलेत, तांबूस पट्टा टोकाकडे सरकलाय. काकूंना एवढ्यावरच थांबायचं होतं. मी नको म्हटलं. जुनं खाणं परत देऊन त्रास उठतो का हे बघितल्याशिवाय खाण्याला दोष देता येत नाही. कदाचित नुसत्या धुण्याने बरं वाटलं असेल. उद्यापासून मटण-बटाट्यात फक्त चिकन वाढवायचं, बाकी तेच.

३ ऑगस्ट

बुधवारपासून पंजे चाटतोय. आज दोन्ही कान लाल, डावीकडे मळ यायला लागला. स्लाइडवर यीस्ट परत दिसायला लागली. चिकन बंद. उद्या गटारी, घराघरात कोंबड्या शिजतील, आणि सिंबा एवढा लाडका की प्रत्येक जण त्याला तुकडा देणार. काकांनी आळीत सगळ्यांना स्वतः जाऊन सांगितलं.

परवापासून श्रावण. त्यामुळे मटणाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. काकू म्हणाल्या, "त्याला कुठला श्रावण? त्याचं पातेलं वेगळं, परसातल्या चुलीवर शिजेल." पुढच्या काही आठवड्यांत दूध, मग गहू, मग अंडं, एका वेळी एकच आणि मध्ये अंतर ठेवून. म्हणजे त्याला आयुष्यभर काय चालेल, याची यादी तयार होईल. बिस्किटाने पंजे लाल झाले होते, तेव्हा दूध-गव्हाकडे लक्ष ठेवून.

१८ ऑगस्ट

कोकोच्या डाव्या कानाबद्दल आजी-आजोबांशी सविस्तर बोलले. नळी पूर्ण बुजली आहे. एक्स-रेत मधल्या कानाच्या हाडाची पोकळीही भरलेली दिसते. तिथे थेंब पोचतच नाहीत. आता औषधाचा आग्रह धरणं म्हणजे तिला दुखत ठेवणं. उपाय म्हणजे शस्त्रक्रिया: नळी संपूर्ण काढायची आणि मधल्या कानाची पोकळी उघडून साफ करायची.

आजी एकदम म्हणाल्या, "कान कापायचे?" पाळी तशीच राहते, बाहेरून कॉकरच दिसेल, हे सांगितल्यावर त्यांचा श्वास परत आला. धोकेही सांगितले. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, त्यामुळे पापणी काही काळ किंवा कायमची ढिली पडू शकते. त्या बाजूचं ऐकणं जाईल, पण टाळी वाजवून बघितलं तर त्या बाजूने ती आताही फारसं ऐकत नाहीच. हे काम ज्यांचा हात बसलाय त्यांनीच करावं, माझ्या टेबलावर मी करणार नाही. मुंबईच्या सर्जनना सगळे कागद आणि कल्चर पाठवले.

२५ ऑगस्ट

एक घर उलट टोकाचं. मागच्या वर्षीच्या त्रासाने घाबरून कुत्र्याचे कान रोज धुतात. नळीची कातडी पांढुरकी, भिजून सुटलेली. संसर्ग नाही, पण आता होईल. धुणं थांबवलं. निरोगी कानाला आपलं आपण साफ होण्याची सोय आहे, आतली कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत मळ घेऊन येते. ॲलर्जीवाल्या कानाला आठवड्यातून एकदा, आणि आंघोळीनंतर किंवा नदीत डुंबून आल्यावर, एवढं पुरतं.

१ सप्टेंबर

ब्रूनोची ट्रायल संपली. काहीही फरक नाही. त्याचा त्रास तीन वर्षांचा झाल्यावर सुरू झालेला, पावसाळ्यात ठळकपणे वाढणारा. पोट आणि काखाही खाजतात. माइट्स नाहीत, थायरॉइड ठीक, खाण्याचं नाव आता काढून टाकलं. उरतो तो ॲटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे धुळीतले कीटक, बुरशी, परागकण अशा हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी. ही मुळापासून जात नाही, ताब्यात ठेवावी लागते. मालकाचा चेहरा उतरला. पण ट्रायल वाया गेली असं मी मानत नाही, आता निदान अंधारात चाचपडत नाही. खाजेसाठी ओक्लॅसिटिनिब. कान शांत झाल्यावर आठवड्यातून दोनदा स्टिरॉइडचे थेंब, कान चांगला दिसत असतानाही. सूज चढू दिली नाही तर यीस्टला जागा मिळत नाही.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. दवाखाना अर्धा दिवस. सिंबाची यादी: चिकन नाही, दूध नाही. गहू चालतो, अंडं चालतं. म्हणजे बिस्किटातलं दूध नडलं होतं. मोदकातलं खोबरं त्याने याआधी ओरपलंय, त्याने काही झालं नाही असं काका म्हणतात. तरी गोड नको म्हटलं.

२२ सप्टेंबर

कोकोचं ऑपरेशन झालं. सर्जननी पोकळीतून काढलेला घट्ट पू आणि कातडीचा थर यांचे फोटो पाठवले. डावी पापणी ढिली आहे. दिवसातून अनेकदा डोळ्यात ओलावा देणारे थेंब घालायचे, बुबुळ कोरडं पडता कामा नये.

६ ऑक्टोबर

टाके काढले. आजोबा सांगत होते, ती पहाटे उठून चेंडू आणून देते. कित्येक महिन्यांत खेळली नव्हती. म्हातारी झाली म्हणून गप्प बसते, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती गप्प होती ती दुखण्याने. पापणी आता अर्धी मिटते. उजव्या कानाची स्लाइड स्वच्छ. पण तिच्या दोन्ही कानांमागचं मूळ कारण अजून शोधायचं राहिलंय. उजवा वाचवायचा तर ते टाळता येणार नाही. पंजे चाटत नाही, पण कातडी तेलकट आणि अंगावर खपल्या. थायरॉइडसाठी रक्त घेतलं.

१० नोव्हेंबर

मोती. गावठी, उभ्या कानांचा, आयुष्यात कानाची तक्रार नाही. भातकापणीनंतर मालकाबरोबर कातळावर गेला आणि आल्यापासून एकच कान झाडतोय, डोकं त्या बाजूला कललेलं. अचानक सुरुवात, एकच कान, गवतातून आलेला: भूल देऊन बघितलं तर नळीच्या वळणापलीकडे कुसळ, टोक पडद्याला टेकलेलं. लांब चिमट्याने अख्खं निघालं. पडदा शाबूत. त्याला ना डाएट, ना आठवड्याचं धुणं. गवत वाळलेलं असेपर्यंत रानातून आल्यावर कान आणि बोटांमधल्या फटी बघायच्या, एवढंच मालकाला दाखवून दिलं.

१७ नोव्हेंबर

कोकोचा थायरॉइड कमी. नेमकं निदान पक्कं करायला पुढची तपासणी पाठवली, कारण दीर्घ आजाराने आणि स्टिरॉइडनेही ही पातळी खाली येते आणि तिने दोन्ही भोगलंय. प्रेडनिसोलोन बंद करून बराच काळ झाला, त्यामुळे आताचा आकडा विश्वासाचा असावा.

सिंबा ऑगस्टनंतर थेंबांशिवाय. ब्रूनोला एकदा डाव्या कानात यीस्ट वाढलेली सापडली, बाहेरून काही दिसत नसताना, फक्त ठरल्याप्रमाणे स्लाइड केली म्हणून. थेंबांचा एक छोटा कोर्स दिला, पाळी यंदा पुन्हा फुगली नाही. त्याची पुढची स्लाइड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कोकोचा रिपोर्ट त्याआधी यावा.